भावाच्या नावावर नऊ हंगाम

पिंपरी पेंढारच्या हौशीराम वेठेकरांना दोन मुलगे. थोरला गेणभाऊ आणि त्याच्या पाठचा, तीन वर्षांनी लहान भरत. दोघं दिसायला सारखे. तेच पुढं आलेलं कपाळ, त्याच जुळलेल्या भुवया. लग्नाकार्यात पाहुणे एकाला दुसरा समजून हाक मारायचे आणि पोरं हसून घ्यायची. थोरला फुटबॉल खेळला आणि नाव धाकट्याचं झालं, एवढीच खरं तर ही हकीकत. ऐकणारा चुकचुकतो आणि आपल्या कामाला लागतो. पण ज्याची उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली त्याच्या बाजूनं ती कुणीतरी नीट सांगायला हवी, कारण त्याला स्वतःला ती सांगायची सोय उरली नाही.

जुन्नर तालुक्यात फुटबॉल आला कुठून, असं कुणीही विचारील. आमच्याकडं कबड्डी, कुस्ती आणि बैलगाडे. चेंडूला लाथ मारणं हा खेळ असू शकतो हेच गावाला पटत नव्हतं. तो आणला कोल्हापूरच्या सरांनी. एकोणनव्वद साली शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून ते आले ते पत्र्याच्या ट्रंकेत दोन फुटबॉल घेऊनच. कोल्हापुरात म्हणे पेठांपेठांत या खेळावरून माणसं वर्षवर्ष बोलत नाहीत. पिंपरीच्या पोरांना चेंडू हातात धरायचा नसतो हे समजावण्यातच सरांचे पहिले तीन महिने गेले. गेणभाऊ तेव्हा दहावीत होता आणि त्याच वर्षी गणितात आपटला. शाळा सुटली, पण मैदान सुटलं नाही. सकाळी वावरात पाणी धरायचा आणि पाच वाजले की अनवाणी पायांनी शाळेच्या फाटकातून आत. डावा पाय त्याचा असा चालायचा की सर शिट्टी तोंडात धरून नुसते बघत राहायचे.

एक्क्याण्णव साली शाळेचा संघ सोळा वर्षांखालच्या जिल्हा स्पर्धेला निघाला. डाव्या बाजूला खेळणारं धड कुणी नव्हतं. सरांनी गेणभाऊला बाजूला घेतलं.

"तुझं वय बसत न्हाई आणि पटावर नावबी न्हाई," सर म्हणाले. "पण तुझा धाकटा भाऊ दहावीत हाय न्हवं? त्याचं बोनाफाईड काढतो. फोटो तुझा डकवू. एका स्पर्धेचा प्रश्न हाय."

सर वाईट माणूस नव्हते. त्यांना संघ न्यायचा होता आणि गेणभाऊला खेळायचं होतं. भरतला कुणी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. त्याला उलट गंमत वाटली. आपण इथं पुस्तक घेऊन बसायचं आणि आपलं नाव पुण्यात पळायचं, हे त्यानं वर्गात दोन-तीन मित्रांना कौतुकानं सांगितलंही.

पुण्यातल्या पहिल्या सामन्यात लाउडस्पीकरवरून अकरा नावं पुकारली. "भरत हौशीराम वेठेकर" असं आलं तेव्हा गेणभाऊ भावाला शोधायला इकडं तिकडं बघायला लागला. सरांनी मागून ढोसलं तेव्हा कुठं पुढं झाला. मग मात्र तो जे खेळला ते बघून परक्या गावच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. संघ जिल्हा जिंकला, पुढं राज्याच्या स्पर्धेपर्यंत गेला आणि सोनेरी काठाचं प्रमाणपत्र मिळालं. घरी आई ठकूबाईनं त्या कागदाला हळदकुंकू लावलं. भरतनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हणजे स्वतःचंच नाव वाचलं, आणि सगळं घर पोट धरून हसलं. गेणभाऊही हसला. रात गई बात गई, पुढच्या खेपेला आपल्या नावानं खेळू, असं त्याच्या मनात पक्कं होतं.

पण पुढच्या खेपेला जे दार उघडलं त्यावरही भरतचंच नाव होतं. त्र्याण्णव साली पिंपरीतल्या, म्हणजे आपल्या नव्हे, पुण्याजवळच्या कारखान्यांच्या पिंपरीतल्या एका कंपनीनं फुटबॉलचा संघ उभा केला. चाचणीला दीडशे पोरं आली. त्यांच्या गोव्याच्या कोचनं सोळा निवडली, त्यात गेणभाऊ आणि जुन्नरचा गोलकीपर नौशाद. महिन्याला पगार, राहायला खोली, बूट कंपनीचे. खेळायचे पैसे मिळतात आणि दुसरं काही करावं लागत नाही, ही गोष्ट आमच्या भागात त्याआधी कुणी ऐकली नव्हती. हौशीरामनं तर दोनदा विचारलं, "आन् काम काय करायचं?"

अट दोन कागदांची. राज्य पातळीचं प्रमाणपत्र आणि दहावी पास. प्रमाणपत्र भरतच्या नावाचं. दहावी पास भरतच, गेणभाऊ नापास. ओसरीवर सगळे कागद पुढ्यात घेऊन बसले. भरत सतरा वर्षांचा होता. तोच म्हणाला, "ने की दादा. मला काय, नुस्ते कागदच हायेत."

गेणभाऊ कागद घेऊन गेला. कंपनीनं ते मूळ कागद फायलीत लावून कपाटात कुलूपबंद केले. दुसऱ्या संघानं आपले खेळाडू पळवू नयेत म्हणून त्या काळी सगळ्या कंपन्या असंच करायच्या. झेरॉक्स खेळाडूच्या हातात द्यायची आणि मूळ कागद आपल्याकडं ठेवायचे.

पहिली तीन वर्षं सोन्याची गेली, हे कबूल करायला हवं. गेणभाऊ डाव्या कडेला, लेफ्ट आउटला खेळायचा. पेपरात महिन्यातून एकदा तरी नाव यायचं. पुण्यात, मुंबईत, एकदा हैदराबादला. पण जिथं जाईल तिथं लाउडस्पीकर एकच नाव घ्यायचा आणि त्या नावाला टाळ्या पडायच्या. गेणभाऊच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली: एकदा, फक्त एकदा, मैदानावर आपलं नाव पुकारलं जावं. पाळण्यात आजीनं ठेवलेलं, जुन्या वळणाचं, पुण्याची पोरं ज्याला फिसकन हसतील असं ते गेणभाऊ नाव. चौऱ्याण्णव साली त्यानं ठरवलंही होतं की कोचला जाऊन खरं सांगायचं. नौशादला तेवढं ठाऊक होतं. जुन्नरच्या बाजारात दोघांची लहानपणापासूनची तोंडओळख, त्यामुळं खोलीत दोघंच असले की तो गेणू म्हणूनच हाक मारायचा.

"गेणू, तुला काढतील," नौशाद म्हणाला. "आन् माहीत असून बोललो नाही म्हणून मला पण. माझ्या अब्बांनी खेळतो म्हणून शिव्या द्यायचं आत्ता कुठं बंद केलंय यार."

गेणभाऊ गप्प बसला. तेव्हापासून गप्प बसायची त्याला सवयच लागली.

मग शहाण्णव साल आलं. गेणभाऊनं भावाचं खरोखरच वाईट केलं ते या साली, आणि हे लपवून त्याची बाजू मांडण्यात अर्थ नाही. भरतनं एसटीत कंडक्टरच्या जागेसाठी अर्ज केला होता. लेखी परीक्षेत पास झाला. तोंडी परीक्षेला मूळ दाखला आणि मूळ मार्कलिस्ट घेऊन या, असं पत्र आलं, मुदत आठ दिवसांची. दुसरी प्रत काढायची तर प्रतिज्ञापत्र आणि बोर्डाचे हेलपाटे धरून तीन महिने. भरत पहाटेच्या गाडीनं निघाला आणि दुपारी कंपनीच्या फाटकाशी उभा राहिला. पिशवीत आईनं दिलेल्या बाजरीच्या भाकरी आणि ठेचा.

"दादा, चार दिवसांपुरते कागद पायजेत," तो म्हणाला. "सोमवारी आणून देतो."

रविवारी अंतिम सामना होता. गेणभाऊ भावाला झाडाखाली बसवून ऑफिसकडं गेला. खिडकीत क्लार्क चहा पीत होता. कागद मागितले तर हा विचारणार कशाला, दुसऱ्या संघात चाललास का, कोचला बोलावणार, कोच रविवारी बाहेर बसवणार. आणि भावाला द्यायचेत असं म्हटलं तर सगळंच उघडं पडणार. गेणभाऊ खिडकीपाशी उभा राहिला आणि तसाच परत फिरला.

"क्लार्क रजेवर गेलाय," त्यानं सांगितलं. "बुधवारी येणार हाय."

भरतनं भाकरीची पिशवी त्याच्या हातात दिली आणि तो परतीच्या गाडीला गेला. बुधवारपर्यंत तोंडी परीक्षेची मुदत संपणार होती, म्हणजे एसटीची नोकरी गेली. रविवारी कंपनीचा संघ जिंकला, खांद्यावर घेऊन भरत वेठेकरच्या नावानं पोरं ओरडली, आणि गेणभाऊला त्या खांद्यांवरून उतरायची घाई झाली.

भरतला नंतर कधीतरी कळलं असणार. अशा गोष्टी कळतातच. पण तो बोलला नाही. वडलांबरोबर टोमॅटो आणि कांदा करत राहिला. सत्त्याण्णव साली गेणभाऊचं लग्न निघालं तेव्हा कंपनीतून दहा-बाराजण येणार होते. आता मांडवात दोन भरत कसे चालतील? हौशीरामनं सगळ्या भावकीला दम भरला. पत्रिकेवरचं गेणभाऊ हे घरचं नाव, नवरदेव म्हणजे कागदोपत्री भरत, आणि भरतला दोन दिवस बाळू म्हणायचं. भावकीनं नाटक चोख वठवलं. दुपारी पंगत बसली आणि भरत बुंदीची परात घेऊन वाढायला लागला. कंपनीचा एकजण त्याला म्हणाला, "बाळू, लय नशीबवान रे तू, भरतसारखा भाऊ मिळाला." भरतनं त्याच्या पानात दोन मुठी बुंदी जास्तीची टाकली आणि पुढं सरकला. गेणभाऊ मुंडावळ्या बांधून हे बघत होता. स्वतःच्या लग्नात त्याला तोंड लपवावंसं वाटलं.

दोन हजार एक सालच्या पावसाळ्यानंतर त्याचा नववा हंगाम सुरू झाला. ऑक्टोबरात एका साध्या सराव सामन्यात, आसपास कुणी नसताना, वळताना त्याचा पाय जमिनीत रुतला आणि अंग तेवढं वळलं. गुडघ्यातून सुंभ तुटावा तसा आवाज आला. आतली दोरी तुटली, डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन मुंबईला होतं आणि तरी खेळणं नाही. कंपनीनं प्लॅस्टर घालून दिलं. सहा महिन्यांनी मंदीचं कारण सांगून संघच बंद केला. कोच गोव्याला गेले. गेणभाऊ ट्रंक घेऊन पिंपरी पेंढारला आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि जिना चढताना कठडा धरत होता.

आता गंमत बघा नशिबाची. युनियननं संघ बंद करताना भांडून एक अट मान्य करून घेतली होती: आठ हंगाम खेळलेल्या, राज्य पातळीचं प्रमाणपत्र असलेल्या खेळाडूंना कायम कामगार म्हणून घ्यायचं. दोन हजार तीनच्या मे महिन्यात पत्र आलं. श्री. भरत हौशीराम वेठेकर, तीस दिवसांत नव्या प्लांटवर हजर व्हा, ओळखपत्र आणा, वैद्यकीय तपासणी होईल. नौशाद जुन्याच प्लांटला आधीच लागला होता. त्यानं फोनवर सांगितलं की डॉक्टर वीस उठाबशा काढायला लावतो आणि पळायला लावतो. बाकी काही बघत नाही.

गेणभाऊ गोठ्यामागं गेला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून दोन्ही हात पुढं करून खाली बसायला लागला. अर्ध्यात गुडघ्यानं नाही म्हटलं. हात टेकवून, दात-ओठ खाऊन तो एकदा पूर्ण बसला आणि उठताना खुंट्याला धरावं लागलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा बसल्यावर म्हशीच्या शेणात हात टेकूनच उठला. नऊ वर्षं रोज दहा किलोमीटर पळणाऱ्या माणसाला एक उठबस जमेना. तिथंच भिंतीला टेकून तो रडला, आणि रडू ऐकू येऊ नये म्हणून म्हशीला उगाच हाड-हाड करत राहिला.

हातपाय धुऊन तो ओसरीवर आला. भरत पत्र हातात घेऊन बसला होता. गेणभाऊ म्हणाला, "तू जा. तुजं नाव, तुजे कागद. माजी नोकरी तुला दिली म्हन."

भरतनं पत्राची घडी घातली. "दिल्यासारकं बोलू नको दादा," तो म्हणाला. "तू काय देतूस? माजंच हाय ते. धा वर्सं तुज्याकडं व्हतं."

ठकूबाई "असं बोलू नये रं" म्हणाली, पण तेवढंच. हौशीराम कोपऱ्यात तंबाखू मळत होता, त्यानं मान वर केली नाही. गेणभाऊलाही ते कबूल होतं. भाऊ खोटं बोलत नव्हता.

नुसते कागद नेऊन भागणार नव्हतं. नव्या प्लांटवर ओळखीचं कुणी नसलं तरी खेळाडू म्हटल्यावर दहाजण दहा गोष्टी विचारणार. भरतनं उभ्या आयुष्यात कंपनीचा एक सामना पाहिला नव्हता. म्हणून मे महिन्याचे सात-आठ दिवस दोघं भाऊ कांद्याच्या चाळीत बसले. पुढ्यात कांद्याचा ढीग, सडके एकीकडं, चांगले एकीकडं, आणि हात चालू असताना गेणभाऊ आपली नऊ वर्षं भावाला सांगत होता. कोच कोणती शिवी द्यायचे. खोलीत कितवी खाट. लेफ्ट आउटनं कुठं उभं राहायचं, क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलपुढच्या आपल्या माणसाकडं उंच चेंडू, कसा मारायचा, कुणाचा पास कसा यायचा, कोणत्या सामन्यात किती गोल. भरत हुशार होता. एकदा सांगितलं की धरायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत विचारलं की घडाघडा म्हणायचा. फक्त "तू तवा काय केलंस" असं पहिल्या दिवशी विचारणारा भरत चौथ्या दिवशी "मी तवा काय केलं" असं विचारायला लागला. सराव म्हणून ते गरजेचंच होतं. तरी गेणभाऊचा हात कांद्यावर थांबला.

शेवटच्या दिवशी भरत म्हणाला, "आन् त्यो अठ्ठ्याण्णवचा गोल? पेपरात फोटो आला व्हता त्यो."

अठ्ठ्याण्णवचा अंतिम सामना, मुंबईच्या एका बँकेच्या संघाशी. कोपऱ्याजवळून गेणभाऊनं मारलेला चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून वळून थेट जाळ्यात गेला होता. 'अशक्य कोनातून' असं पेपरनं छापलं होतं. गेणभाऊनं हातातला कांदा खाली ठेवला. ही गोष्ट त्यानं नौशादलाही सांगितली नव्हती.

"त्यो गोल मारला न्हवता मी," तो अखेर म्हणाला. "मी क्रॉस मारला व्हता. वाऱ्यानं आत गेला. लोक नाचाया लागले, मंग मीबी नाचलो."

का सांगितलं कोण जाणे. सगळंच देऊन टाकायचं तर हेही गेलं, असं काहीतरी वाटलं असेल. भरतनं मान हलवली आणि एक सडका कांदा बाजूला टाकला.

भरत तपासणीत पास झाला, वीसच्या जागी तीस उठाबशा काढून. कायम झाला. नव्या प्लांटजवळ खोली घेऊन बायकोला घेऊन गेला. सणाला यायचा तेव्हा वहिनीला साडी, पुतणीला फ्रॉक आणायचा. माणूस म्हणून त्याला नावं ठेवायला जागा नाही. गावाला सगळं ठाऊक होतं, पण गाव एका शब्दानं बोललं नाही. पोराची लागलेली नोकरी आपल्या तोंडानं जायला नको, म्हणून ज्यानं त्यानं तोंडाला कुलूप लावलं. हा आमच्या लोकांचा चांगुलपणाच. पण त्या चांगुलपणाखाली गेणभाऊ जिवंतपणी गाडला गेला. जाणती माणसं बोलायची नाहीत, आणि न बोलता न बोलता काही वर्षांनी त्यांनाही ते खरं वाटेना. नव्या सुना आल्या, नवी पोरं मोठी झाली, त्यांना एवढंच माहीत की भरतकाका मोठे खेळाडू होते आणि गेणभाऊ त्यांचा पायानं अधू असलेला थोरला भाऊ. लंगडण्याचं कारण म्हणून कुणीतरी बैलानं मारल्याचं सांगितलं होतं. गेणभाऊची मुलगी तेजस्विनी शाळेत बोलून बसेल म्हणून तिलाही कधी काही सांगितलं नाही. कंपनीच्या खोलीतून आणलेली ट्रंक माळ्यावर गेली ती पुन्हा खाली आली नाही.

दोन हजार नऊच्या जानेवारीत गावातल्या तरुण मंडळानं शाळेच्या मैदानावर फुटबॉलची स्पर्धा भरवली. प्रमुख पाहुणे भरत वेठेकर आणि त्यांचे सहकारी नौशाद. मंडळाच्या पोरांना हौस दांडगी, पण मैदान आखायचं कसं हे कुणाला येईना. कुणा म्हाताऱ्यानं सुचवलं, गेणभाऊला विचारा. पोरं आली तेव्हा तो नाही म्हणणार होता. "तुमाला जमंल का अण्णा, पाय दुखतोय तुमचा," असं त्यातला एक म्हणाला, म्हणून हो म्हणाला.

दोन दिवस तो सुतळी आणि फक्कीचं घमेलं घेऊन मैदानात होता. माप काढायला त्यानं टेप वापरली नाही. पेनल्टीची जागा, मधलं वर्तुळ, कोपऱ्यांचे चतकोर, सगळं पावलांनी बरोबर येत होतं. डाव्या कोपऱ्यात चुन्यासारखी पांढरी फक्की सोडताना तो जरा थांबला. तिथून गोल केवढा लांब दिसतो, हे मैदानात त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मंडळाच्या पोरानं हाक मारली तसा घमेलं उचलून पुढच्या रेषेला लागला.

समारंभ दुपारी झाला. स्टेजवर खुर्च्या, खाली सतरंज्या. गेणभाऊ पुढच्या पोरांमागं, पाय दुमडून बसला, शेजारी दहा वर्षांची तेजस्विनी. नौशादचे केस पिकले होते. त्यानं खाली गेणभाऊला पाहिलं, हात अर्धा वर केला आणि मग खिशातून रुमाल काढला. भरत बोलायला उभा राहिला. आता तो छान बोलायचा, शहरातल्यासारखं. कोचच्या शिव्या सांगून त्यानं पोरांना हसवलं. कितवी खाट तेही सांगितलं. मग म्हणाला, "अठ्ठ्याण्णवचा माझा तो गोल सगळ्यांना आठवतो. पण आज पहिल्यांदा खरं सांगतो. तो गोल मी मारलाच नव्हता. मी मारला होता क्रॉस. वाऱ्यानं आत घातला. लोक नाचायला लागले, मग मीही नाचलो."

मैदान हसलं, टाळ्या पडल्या. केवढा मोठा खेळाडू आणि किती साधा माणूस, असं शेजारचा शिक्षक म्हणाला. तेजस्विनी हसून हसून बापाच्या खांद्यावर पडली. गेणभाऊला मरणाचं वाईट वाटलं. गोल नेला त्याचं नाही. गोल केव्हाच गेला होता. ज्याची त्याला इतकी वर्षं लाज वाटत आली, ती लाजसुद्धा आता त्याची राहिली नव्हती.

"आप्पा," तेजस्विनीनं विचारलं, "तुमी कदी खेळला न्हाई का वो काकांसंगं?"

"न्हाई," गेणभाऊ म्हणाला. "मला कुटं येतंय."

शेवटी आभार. मंडळाचा सेक्रेटरी हातात लांबलचक कागद घेऊन माइकपाशी आला. मांडववाले, स्पीकरवाले, ट्रॉफी देणारे. मग तो म्हणाला, "मैदान आखून दिल्याबद्दल श्री. गेणभाऊ हौशीराम वेठेकर."

भोंगा गोलपोस्टच्या मागं बांधला होता. ते नाव सगळ्या मैदानावरून फिरून गेणभाऊच्या कानावर आलं. पाठीमागं चार-दोन टाळ्या वाजल्या. स्टेजवर नौशाद एकटाच उभा राहून टाळ्या वाजवायला लागला, एवढ्या जोरात की बाकीचे पाहुणे त्याच्याकडं बघू लागले. भरत पायाशी बघत होता.

"आप्पा, तुमचं नाव," तेजस्विनी म्हणाली. "उठा ना, नमस्कार करा."

ज्याचं नाव येईल तो उठून हात जोडत होता. गेणभाऊही उठायला गेला. पण तासभर दुमडून बसल्यानं गुडघा धरला होता. त्यानं एक हात सतरंजीवर टेकला, दुसरा मुलीच्या खांद्यावर ठेवला आणि सगळा जोर लावला. तो अर्धा उठला होता तेवढ्यात माइकवर पाण्याच्या टँकरवाल्याचं नाव आलं, तो कडेला उभाच होता, त्यानं लगेच हात जोडले आणि टाळ्या तिकडं वळल्या. गेणभाऊ पुन्हा खाली बसला.